बाणाची जागा

पत्रा चार बाय तीन. निळी जमीन, पांढरी अक्षरं.
मजकूर साहेबांनी मोबाइलवर पाठवलेला :
'प्राचीन व्यापारी मार्ग. पैठण ते तेर.'
खाली एक बाण.
मी विचारलं, साहेब, बाण कुणीकडं?
म्हणाले, नकाशा बघून सांगतो.

बाणाची जागा सोडून बाकीचं रंगवून ठेवलं.

मी खाजा पेंटर, स्टँडामागं टपरी.
आजवर काय लिहिलं? 'उधारी बंद आहे',
ट्रॅक्टरच्या पाठीवर 'आईची पुण्याई',
निवडणुकीत एकाच भिंतीवर दोघांची नावं, आठ दिवसांच्या अंतरानं.
दोन हजार वर्षं पत्र्यावर बसवायचं काम पहिल्यांदाच आलं
अन् दर तोच, फुटाला चाळीस.

शनिवारी धामणखेड्याच्या शाळेपुढं सगळे जमले :
गायके मॅडम, चौथी ते सातवीची लेकरं,
बचत गटाच्या बाया पोह्याचं पातेलं घेऊन,
ग्रामसेवक सह्यांचा कागद घेऊन,
खड्डे घ्यायला मल्लू धोत्रे, खांद्यावर पहार.
साहेबांनी नकाशा उघडला.
घडी पडून पडून मधोमध फाटलेला,
अन् रस्ता नेमका त्या घडीतून गेलेला.

'इथून,' साहेब म्हणाले, डांबराकडं बोट.

तांड्यावरची जमकीबाई शेळीला बाभळीच्या शेंगा पाडत होती.
ती हसली. शेळी दचकावी इतकं हसली.
'इथून बैल कसा जाईल, बाबा? पाणी कुठंय?
माझ्या सासऱ्याचा आजा मीठ घेऊन यायचा,
शंभर पाठी, शंभर गोण्या.
माणूस रस्ता धरतो. बैल पाणी धरतो.'
अन् काठी टेकीत निघालीच ती,
मागं लेकरं, लेकरांमागं मॅडम,
मॅडममागं कागद सांभाळत सरकार.

ओढा ओलांडला. तुरीच्या कडेनं, हिवरांमधून,
एका उघड्या खडकापाशी तिनं काठी आपटली.
खडकात ताटलीएवढे खळगे, एकामागं एक,
आत गुळगुळीत, धुतल्यासारखे.
मल्लूनं पहार खाली ठेवली, तळवा ठेवला,
डोळे मिटून बराच वेळ बसला.
'छन्नी अशी गोल होत नाही,' म्हणाला,
'साहेब, हे खुराचं काम आहे.'

कुणी काही बोललं नाही.
मग सहावीतल्या रेणूनं विचारलं,
'मॅडम, हे पुस्तकात का नाही?'
मॅडमनी वहीचं कोरं पान काढून तिच्या हातात दिलं.

साहेब माणूस चांगला. पण मजकूर मंजूर,
जागा मंजूर, शिक्का वरून आलेला.
बोर्ड डांबरालाच लागला.
मीच म्हणालो, साहेब, पुढल्या बाजूचा हुकूम आहे.
मागल्या बाजूचा कुठं आहे?
साहेबांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला,
अन् पोहे खायला गेले.

मागं लेकरांनी लिहिलं.
मी फक्त रेघा मारून दिल्या, ब्रश धरायला शिकवलं :
दाबू नको, रंगाला चालू दे.
'पाणी' मधला णी मोठा झाला, 'बैल' एका बाजूला कलंडला.
मी पुसलं नाही.
वीस वर्षं सरळ अक्षरं काढतोय,
त्यांच्याकडं एवढा वेळ कुणी थांबून बघितलं नव्हतं.

संध्याकाळी जमकीबाईला वाचून दाखवलं.
तिनं डोळे बारीक करून ऐकलं.
'समदं आलं. त्याचं नाव राहिलं.'
कुणाचं?
'धोळ्याचं. पुढला बैल. वाट त्याला ठावी होती,
बाकीचे त्याच्या घंटीमागं.'

पत्र्यावर जागा उरली नव्हती.
फक्त बाणाची.
बाण काढला, तुरीकडं तोंड करून,
अन् त्याच्या दांड्यात, निळ्यात निळा राहील एवढ्या बारीक अक्षरात
ते नाव.

बिल अजून अडकलंय. त्यांना कळत नाही
बाण कुठल्या हेडखाली टाकायचा.