पालथी वाटी

साडेचार फूट बाय सहा.
घरमालक येमूल म्हणाले होते, किचन सेपरेट आहे.
खोटं नाही बोलले. दारसुद्धा होतं त्याला,
फक्त ते उघडलं की शेगडी झाकली जायची.
पहिल्याच आठवड्यात मी ते बिजागरीतून काढलं,
विटांवर आडवं टाकलं,
आता त्यावर डबे असतात.

स्वरूपा दिवसाची. युनिफॉर्मच्या कारखान्यात काजं करते.
मी रात्रीचा, अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या मागांवर.
सातला मी येतो, पावणेआठला ती निघते,
मधे हारिकाची वेणी, दप्तर, संडासची रांग.
बोलायचं राहून जातं.
आत एकच माणूस मावतो,
तेव्हा जो आत असतो तो बाहेरच्यासाठी
भांडी ठेवून जातो.

तांब्या पालथा : दूध संपलं.
ज्वारीच्या डब्यावर सुपली : दळण.
सुपलीत नाणं : गिरणीवाल्याचं मागचं राहिलंय.
उलथनं कढईवर आडवं : आमटी खारट झालीय, काही बोलू नका.
काडेपेटी उभी केलेली असेल
तर मी गुपचूप झोपतो.

हे कुणी ठरवलं नव्हतं.
जागाही अशीच ठरली. माझा हात वर पोचतो,
म्हणून डाळी, गूळ, सणाचं पुरण-यंत्र माझ्या फळीवर.
शेगडीमागच्या फटीत तिचा पंजा जातो, माझा अडकतो,
तिथं काळं तिखट, शेंगाचटणी, आणि ती सांगत नाही ते पैसे.
कडक भाकरीची चवड डागी टॉवेलात गुंडाळून खुंटीला.
उभी बांधली तर जागा कमी खाते,
पण तळातली तुटते. तुटलेली मी खातो.

पाचव्या दिवशी पाणी येतं.
त्या दिवशी कुकर, परात, पिंप, डब्याची झाकणं,
सगळं पाण्याचं होतं. डाळ पिशवीत उतरते.
तांब्या भरलेला, सुपली भिजलेली,
कुणाचा निरोप कुणाला लागत नाही.
आम्ही दोघं घरात मुक्यासारखे, पाय वाचवत चालतो.

परवा मोटर जळाली. मालकानं रात्री दहाला घरी धाडलं.
एप्रिलचा उकाडा, भिंतींना हात लावू नये असा,
आणि ही आत शेंगा भाजत होती.
मी सवयीनं आत पाय टाकला.
तिचं कोपर बरगडीत.
"सरका की ओ! दिसत नाही, मी आहे आत?"

मग उंबऱ्यावर बसलो. शेंगदाणे चोळले,
टरफलं फुंकली, ती सगळी तिच्या पायांवर.
काही सुचेना. आठ महिन्यांनी असं समोरासमोर.
म्हटलं, एक विचारू?
कोपऱ्यात रोज पालथी वाटी असते,
पोरीसाठी काय काय राखून ठेवतेस तिच्याखाली?

तिचा हात कढईत थांबला. दाणे करपायला लागले.
"पोरीसाठी? तुमच्यासाठी ठेवते मी.
शेंगापोळी, कधी खोबऱ्याची वडी.
हात लावत नाही म्हटल्यावर मला वाटलं,
माझ्या हातचं गोड यांना जात नाही."

मी तर तिला हातच लावला नव्हता.
एकदाही नाही.

"मग संध्याकाळी वाटी रिकामी कशी?"
असं दोघंही एकदम म्हणालो
आणि दोघांनी चटईकडे पाहिलं.
हारिका झोपली होती,
तोंड थोडं उघडं,
फार गाढ, जरा जास्तच गाढ.

आता वाटी उताणी असते. आत काय आहे ते दिसतं.
अर्धी पोळी माझी, अर्धी तिची,
मोडलेल्या कडेवरून ओळखायची.
पोरगी दोन दिवस बोलत नाहीये.
आज सकाळी पाहिलं तर
ओट्यावर काडेपेटी उभी होती,
आणि ही म्हणते, मी नाही ठेवली.