पान सातशे बारा

डुलुथमध्ये नोव्हेंबरात चार वाजताच दिवा लावावा लागतो.
वकिलाच्या कचेरीत माझं काम एवढंच :
इस्पितळातून आलेले कागद वाचायचे,
पिवळ्या चिठ्ठ्या लावायच्या,
आणि कुणाची दया आली तर ती समासातही लिहायची नाही.

इल्मी हार्यू आली ती भिंत धरून.
बत्तीस वर्षं पियानो जुळवले तिने,
चर्चमधले, शाळांमधले,
खाणमालकाच्या विधवेचा एक, जो कुणीच वाजवत नव्हतं
तरी दर एप्रिलला जुळवून हवा असे.
आता चालताना रस्ता हिंदकळतो,
दुकानांच्या पाट्या जागच्या जागी उड्या मारतात,
आणि वरच्या सगळ्या पट्ट्या बंद,
आतून कडी घातल्यासारख्या.

रक्तात जंतू गेले होते. एक औषध, शिरेतून, सोळा दिवस.
"जीव त्यांनीच वाचवला," ती म्हणाली,
"हे आधी लिहून घे."

सोब्चाकबाईंनी चष्मा काढला, नेहमीसारखा.
"वाईट झालं म्हणजे चूक झाली, असं कायदा मानत नाही.
दुसऱ्या जबाबदार डॉक्टरने तिथे काय केलं असतं?
यांनी ते केलं का?
आणि केलं नाही म्हणूनच हे झालं का?
एवढं सगळं आपण दाखवायचं. एक दुवा निसटला
की दावा पायरीवरच बसला.
शिवाय घड्याळ चालू आहे. मुदत टळली,
तर खरं असूनही कुणी ऐकणार नाही."
इल्मी त्यांच्या ओठांकडे बघत होती.
'घड्याळ' तेवढं कळलं.
तिने मनगट पुढे करून वेळ दाखवली.

अकराशे चाळीस पानं.
तापाचे आलेख, जेलीच्या वाट्यांचा हिशेब,
चुकून आलेला कुणा दुसऱ्याच्याच गुडघ्याचा अहवाल.
आठव्या दिवशी मूत्रपिंडाचा आकडा चढलेला.
औषधाची मात्रा तीच. नवव्या दिवशी तीच.
रक्तात औषध किती साठलं, ते तपासल्याचा कागद नाही.
दोनदा शोधला.
नसलेला कागद शोधायला असलेल्याहून जास्त वेळ लागतो.

मग पान सातशे बारा. दहावा दिवस, पहाटे चार दहा.
*रुग्ण म्हणते, सलाइनच्या पंपाचा सूर उतरला आहे.
पंप तपासला. ठीक.
रुग्ण गोंधळलेली. दिवा मंद केला.*

मी चिठ्ठी लावायची विसरले.

पंप ठीकच होता.
उतरत होता तो कान,
आणि उतरता उतरता त्यानेच वर्दी दिली होती,
पाव सुराचाही फरक न चुकवता.
त्या मजल्यावर त्या पहाटे
तिच्याइतकं नेमकं कुणीच बोललं नसेल.
अजून सहा दिवस बाकी होते.

जबानीला तो आला, परिचारक, ओडेगार्ड नावाचा पोरगा,
बाह्या आखूड पडलेला कोट घालून.
सलग तिसरी रात्र होती, म्हणाला, अकरा खाटा.
मग कुणी न विचारताच,
"मी पंप बदलूनसुद्धा दिला होता.
त्यांना बरं वाटावं म्हणून."
त्याच्या वकिलाने त्याच्या दंडावर हात ठेवला.

मार्चमध्ये तडजोड झाली. आकडा मला सांगता येत नाही,
तशी अट आहे.
सही करण्याआधी इल्मीने एकच मागितलं :
तो शब्द खोडा. 'गोंधळलेली'.
समोरचे म्हणाले, नोंद खोडता येत नाही,
खोडली तर तोच गुन्हा.
खरंच होतं ते. सोब्चाकबाईही गप्प बसल्या.

तिने माझ्याकडून त्या पानाची प्रत करून घेतली,
चार घड्या घालून अवजारांच्या पिशवीत ठेवली,
आणि पिशवीतून सूरकाटा काढला.
गुडघ्यावर आपटला.
दांडी दातांत धरली, डोळे मिटले.
ऐकू काही आलं नसणार. पण दात थरथरत होते.
बराच वेळ.
मग कचेरीत कुणालाच नव्हे अशा आवाजात म्हणाली,
"हा बरोबर आहे."