बकरी पाण्यावरून चालते

मानेवाड्याच्या खोलीत कूलरचं पाणी संपतं,
वाळ्याच्या ताट्या सुका वास सोडायला लागतात,
तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले असतात
आणि आमचं ऑफिस सुरू होतं.

ऑफिस म्हणजे मी, सुकेशिनी उके,
आणि शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान बंद करून
मोमिनपुऱ्याहून येणारा अश्फाक.
पगार नाही. खेळ फुकट आहे.
नाव ‘काठ’. एक तलाव, भोवती बत्तीस गावं,
प्रत्येक गावाला पलीकडे काहीतरी पोचवायचंय.

दिवसा मी वीजबिलांच्या तक्रारी नोंदवतो,
रात्री तलावाच्या.
तलावाची तक्रार करणारे कधी कधी खाली लिहितात,
‘घाई नाही, आधी जेवून घ्या.’
वीजबिलाखाली असं अजून कोणी लिहिलेलं नाही.

सगळेच लिहीत नाहीत तसं.
टिटवी-नऊ लिहिते (बाई की पोरगा, ठाऊक नाही)
‘अठ्ठावीस दिवस झाले. झोपले का बे तुम्ही?’
सुकेशिनी उत्तर टाइप करते, पुसते,
पुन्हा टाइप करते: ‘तपासतो आहोत.’
आम्ही काहीच तपासत नव्हतो.
तिचे बाबा मेडिकलमध्ये भरती होते
आणि ती वॉर्डाबाहेरच्या बाकावर
लॅपटॉप उघडून
चार्जिंग किती उरलंय तेवढंच बघत बसायची.
हे बदलांच्या यादीत येत नाही.
यादीत येतं:
   अकराव्या गावचा दरवाजा आता उघडतो.
   पावसाचा आवाज दोनदा वाजत नाही.
   बकरी पाण्यावरून चालत नाही.

बकरी अश्फाकनं काढली होती,
एक कान जरा मोठा झालेला.
पाणी म्हणजे काय ते तिला सांगायचं मी विसरलो.
सतराव्या गावात संध्याकाळ झाली की
ती काठ सोडून सरळ निघायची,
पायाखाली तलाव, कसलीही घाई नाही.
एका रात्रीत मी तिला थांबवलं.
पहाटे तिघांनी तर्री पोहे खाल्ले, पैसे मी दिले.

दुपारी बिलाच्या रांगेतून चोरून फोन पाहिला.
एकशे चाळीस निरोप.
‘बकरी कुठाय?’
‘बकरी काहून बुडवली राजेहो?’
उमरेडहून एका आईचा:
पोरानं तिचं नाव चांदणी ठेवलंय,
ती पलीकडे पोचल्याशिवाय जेवत नाही.
भंडाऱ्याच्या एक नर्स:
‘मी तुमच्या खेळात आजवर काहीच पोचवलं नाही.
नाइट ड्युटीवरून आले की फक्त तिला बघते.’
आणि टिटवी-नऊ:
‘दरवाजा अडकलेला चालला असता.’

मला राग आला.
‘ती चूक होती,’ मी लिहिलं. ‘आमची चूक होती ती.’
‘माहीत आहे,’ उत्तर आलं, कोणाचं ते आठवत नाही.
‘तुम्हाला काय वाटलं, आम्हाला दिसत नाही?’

अश्फाक हसत सुटला.
मी कूलरमध्ये दोन बादल्या ओतल्या
आणि बसलो.

चूक दुरुस्त करायला एक रात्र लागली होती.
तीच परत करायला पाच.
मध्ये एकदा लाइट गेली,
एकदा बकरी आकाशात चालली,
एकदा बत्तीसच्या बत्तीस गावं तिच्या मागे निघाली
आणि आम्ही तिघं तोंडावर हात ठेवून बघत राहिलो.

शेवटी यादी सुकेशिनीनं लिहिली.
   बकरी परत आली आहे. कारण विचारू नये.
मग खूप वेळ कर्सर लुकलुकत राहिला.
मी पाणी प्यायला उठलो, परत आलो तर खाली होतं:
   मागे आम्ही तपासत नव्हतो. माझे बाबा दवाखान्यात होते.
   आता घरी आहेत. वरण-भात खातात.
पुसू का, तिनं विचारलं.
अश्फाकनं तिच्या हाताशेजारून बोट नेलं
आणि बटण दाबलं.

दोन तास काही नाही.
कुत्री भुंकली, कोणाचा तरी पंप सुरू झाला.
मग टिटवी-नऊ:
‘आधी सांगायचं ना बे.’

आणि थोड्या वेळानं, वेगळ्या ओळीत:
‘अकराव्या गावचा दरवाजा पुन्हा अडकला आहे.
घाई नाही.’