अजून नाही

ऑक्टोबरात बाबांनी सोललेली मेंढी टांगली
फटीफटींच्या लाकडी खोपटात,
आणि नोव्हेंबरात स्वतःच गेले.

मी तोर्सहावनच्या शाळेत शिकवते:
प्रथिन म्हणजे माळ.
वीस तऱ्हांचे मणी, ओवायचा क्रम ठरलेला.
मुलं वहीत रंगीत गोल काढतात.
माळ तुटते कशी,
हे कुणी विचारत नाही.

अशी तुटते:
समुद्रावरून खारा वारा फटींतून आत येतो,
घाई करत नाही.
एकेक गाठ सैल होते,
सुटे मणी जिभेला कळू लागतात,
चरबी पिवळी पडते, उग्र होते.
कुजणं आणि मुरणं यांत
एका बोटाचं अंतर.
ते बोट बाबांचं होतं.
मांडीत रुतवून म्हणायचे, अजून नाही.

नाताळला सुन्वाआत्यानं सुरी माझ्या हाती दिली.
मी बोट दाबलं.
काही म्हणजे काही कळलं नाही.
म्हटलं, झालंय.

मग आम्ही चावत राहिलो, बराच वेळ,
न बोलता. बटाटे गार झाले.
त्यांच्या मेंढीचे मणी
माझ्या आत कुठं कुठं
वेगळ्याच क्रमानं ओवले जात असतील,
या बोटाच्या टोकाशीसुद्धा.

पुढच्या वर्षी
थोडं आधी दाबून बघेन.