धुळाक्षरे

शिंगेतीत आधी वाळू दारात येते, मग पाहुणा.
तिस्लीमच्या अंगणात आम्ही लाकडी पाटीवर
कोळशाच्या, डिंकाच्या शाईने गिरवायचो,
पाठ झालं की पाटी धुऊन
ते काळं पाणी पिऊन टाकायचो.
धुरकट लागायचं.

एकदा मी अडलो.
काफ, हा, या, ऐन, साद.
पाच अक्षरं सुटी, त्यांचा शब्दच होत नाही.
अर्थ काय, विचारलं.
ती चहा या पेल्यातून त्या पेल्यात ओतत होती,
फेस येईपर्यंत काही बोलली नाही.
"पाठवणाऱ्याला ठाऊक. तू ऐन घशातून काढ."
मला वाटलं, हिलाच येत नसावं.

या हिवाळ्यात तिची जीभ आखडली.
डावा हात निजला. नावं गेली,
नातवंडांची, विहिरींची, उंटिणीचं,
माझंही. सिदाती, सिदाती, मी सांगत राहिलो.
नुआक्शोतहून डॉक्टर आला, चिठ्ठी देऊन गेला.
लेक उशाशी विचारायची, पाणी हवं? कूस वळवू?

मध्यरात्री ती म्हणाली,
अलिफ.
मग बराच वेळ नुसता वारा.
मग लाम. लांबवलेलं, मापात.
"भ्रमात आहे," लेक म्हणाली.

मी अर्थ विचारला नाही.
तिनेच शिकवल्याप्रमाणे बोटं मिटत मोजलं.
सहा मात्रा.
पाच माझ्या हाताची,
सहावं तिचं, निजलेलं.

मीम अजून यायचं होतं.