सोपा खेळ

तीनशे बारा पानं.
पुतण्यानं पुण्याहून झेरॉक्स करून आणलेली, स्पायरल घातलेली,
वर एक ड्रॅगन, शाई कमी पडल्यानं
अर्धा धुक्यात गेलेला.
काका, वाचा, म्हणाला, लई भारी खेळ आहे,
टेबलाभोवती बसायचं नि दुसरंच कुणीतरी व्हायचं.
आणि गेला परत नोकरीवर.

मी वाचलं. उद्यमनगरात, जेवणाच्या सुट्टीत,
कास्टिंगच्या ढिगाला टेकून,
हातावरचं ऑइल पानांना लागत गेलं.
पान सत्तेचाळीसवर मरायचं कसं त्याचा तक्ता,
पान एकशे नव्वदवर पोहायचं कसं त्याचा,
पाणी गार असेल तर वजा दोन.
मी पंचगंगेत पोहायला शिकलो तेव्हा
वडिलांनी पाठीला सुका भोपळा बांधून ढकललं होतं.
वजा दोन कुणी धरलं नव्हतं.

फासा वीस बाजूंचा पाहिजे, असं लिहिलेलं.
महाद्वार रोडला विचारलं. दुकानदार म्हणाला,
सहा बाजूंत भागत नाही का तुमचं?
मग शनिवारी, मालक नसताना, मिलिंग मशीनवर
पितळेचा करायला घेतला.
सतरावी बाजू झाली आणि बघतो तर
पुढं जागाच शिल्लक नाही.
अजून आहे तो. कागद उडू नयेत म्हणून ठेवतो.

पहिल्या रविवारी चौघं जमली शेडमध्ये:
इरगोंडा, बागवानांची तबस्सुम,
तालीम सोडलेला सर्जेराव, आणि वैजूकाकू,
जी खरं तर रिकामा डबा न्यायला आली होती.
सर्जेरावाला अकरा आकडे भरायला दिले.
ताकदीपाशी त्याचं पेन थांबलं.
किती लिहू, म्हणाला,
गुडघ्याच्या आधीची का नंतरची?
मग दूध पिऊन येतो म्हणून गंगावेशीला गेला
तो आलाच नाही.

पुस्तकाचं काही चुकलं नव्हतं.
पण नव्या पोराला कुणी पहिल्याच दिवशी
वस्तादाशी झुंजवत नाही.
आधी माती उकरायला लावतात,
मातीला हाताची आणि हाताला मातीची
ओळख होऊ देतात.

रात्री एका जुन्या बिलाच्या पाठीवर लिहिलं:
तू कोण, एका ओळीत सांग.
काय करतोस, ते सांग.
होईल का नाही अशी शंका आली तरच फासा टाक, लुडोतला चालेल.
चार, पाच, सहा: जमलं.
खाली आलं तर जमलं नाही, पण काहीतरी घडलंच.
पुढचा नियम सुचेना. चहाही सांडला होता तोवर.

दुसऱ्या रविवारी सर्जेराव आला. मीच फोन केला होता.
त्यानं एका ओळीत लिहिलं: गुडघा दुखणारा राखणदार.
इरगोंडा झाला खोटं न बोलता फसवणारा सोनार,
तबस्सुम, जहाजावरनं पळून आलेली, नाव नाही सांगणार.
वैजूकाकू म्हणाली, मी मीच असले तर चालतंय का?
चालत नाही असं कुठं लिहिलेलं नव्हतं.

डोंगरात एक दार. दारामागं गुरगुर.
सर्जेरावानं खांदा लावला, फासा टाकला, दोन.
दार हललं नाही, पण आतलं जागं झालं.
तबस्सुमनं कंदील विझवला.
सोनार मागं सरकला, तोंडानं नाही, खरोखर खुर्चीसकट.

मी दार उघडत नाही, वैजूकाकू म्हणाली.
उंबऱ्याशी बसते.
आतल्याला विचारते,
जेवलास का रे?

शेडमध्ये पंख्याचा तेवढा आवाज.
तीनशे बारा पानांत याचा तक्ता नव्हता,
माझ्या पाच ओळींतही नव्हता,
फासा कुणाच्याच हातात नव्हता.
मग काय म्हणालं ते, इरगोंडानं हळूच विचारलं,
आणि चौघंही माझ्याकडं बघायला लागली.

मी बिल उलटून बघितलं.
दुसऱ्या बाजूला एवढंच होतं:
नट-बोल्ट, सहा डझन.
बाकी येणे.