छत्री

एका तासाची कॅसेट एक तासच खाते,
लॅपटॉपला कितीही घाई असो.
बाहेर इलोइलोची दुपार, मासळीवाल्याचा भोंगा;
आत मी, आणि दम्मामहून आलेल्या तेवीस कॅसेटी.
ताताय पत्रं लिहीत नसत,
बोलून पाठवत.

फितीमागची स्पंजची गादी झडलेली;
जुन्या चपलेचा तुकडा कापून बसवला.

बाविसाव्या कॅसेटवर ताताय नाहीत.
मीच आहे, सात वर्षांची,
पाढे म्हणतेय, मध्येच शिंकतेय,
लाल बटण दाबून, थेट त्यांच्या बोलण्यावर.
पडद्यावर माझ्या आवाजाचे हिरवे डोंगर.

सातच्या पाढ्यात अडखळले, तिथे खट्ट.
आणि खालून वर येते
एअरकूलरची घरघर,
एक खोकला:
"...म्हणून सांगतो, तेलेस्फोरोची छत्री परत कर."
फीत संपते.

सॉफ्टवेअर विचारतं, घरघर काढून टाकू?
राहू दे.

आईला ऐकवते.
ती कोळंबी सोलतेय, मान वर करत नाही.
"केली की," म्हणते,
"त्याच आठवड्यात."

मग बऱ्याच वेळाने:
"एक काडी मोडली होती.
ते नाही कळवलं मी त्यांना."